भाल्यालाही बारमाही मशागत हवी

तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांचे पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर येऊन पडले, की शाळेच्या कोठीतला भाला बाहेर निघतो. वर्षभर तो तिथे आडवा पडलेला असतो. पकडीची दोरी सैल झालेली, टोक बोथट झालेले. मग नववी-दहावीतला एखादा उंच, दणकट पोरगा हेरला जातो. "फेक रे जोरात" एवढेच त्याचे शिक्षण. आठ दिवस तो दंड दुखेपर्यंत भाला फेकतो आणि नवाव्या दिवशी स्पर्धेला जातो. तालुक्याला एखादे वेळी नंबर येतो. जिल्ह्याला, विभागाला गेले की शिकून आलेली मुले पुढे निघून जातात. पोरगा मान खाली घालून परत येतो, भाला कोठीत जातो आणि गाव म्हणते, "आपल्या पोरांच्या नशिबातच नाही."

यात नशिबाचा संबंध नाही. आठ दिवसांत भात तयार होत नाही हे ज्या गावाला पक्के ठाऊक आहे, त्या गावाने आठ दिवसांत खेळाडू तयार होईल अशी आशा धरावी, हेच मुळी नवल आहे.

हा प्रश्न लहान वाटेल. खते, वीज, रस्ते, दवाखाना यांपुढे भाला काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल. पण ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, जिथे दिवाळी झाली की बिऱ्हाडे पाठीवर घेऊन माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात, तिथे मुलाला शाळेत टिकवून धरणारी प्रत्येक गोष्ट महत्त्वाची आहे. मैदान ही त्यातली एक गोष्ट आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला वाढीव गुणांची सवलत आहे. याचा लाभ आपल्या पाड्यांतल्या किती मुलांना मिळतो, हे प्रत्येक सरपंचाने आपल्या गावापुरते मोजून पाहावे.

चिंचपाड्यासारखी जागा

नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचेच पाहा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे हे स्टेशनाचे गाव. नवापूर जवळ, गुजरातची हद्द जवळ, गावात रुग्णालय. आजूबाजूच्या पाड्यांतली मुले शिकायला, बाजाराला, दवाखान्याला अशा गावात येतातच. भालाफेकीचे एखादे सरावकेंद्र तालुक्यात काढायचे, तर ते अशाच गावात शोभेल. डोंगरातल्या एका टोकाला नेऊन ठेवले तर पोरे पोचणार नाहीत, आणि सगळे जिल्ह्याच्या क्रीडासंकुलावर सोपवले तर चौदा वर्षांच्या मुलीला रोज तिकडे कोण पाठवणार?

जागाही फार लागत नाही. धावपट्टी किमान ३० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असावी लागते. पुढे शाळेच्या मुलांसाठी साठ-सत्तर मीटर मोकळे रान हवे. शंभर मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद म्हणजे ४० गुंठे. जागा लांबट हवी, एवढेच. धावपट्टी दक्षिणोत्तर आखली तर सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही. आखणीला इंजिनिअर नको. फेकीच्या रेषेमागे ८ मीटरवर, पट्टीच्या मधोमध खुंटी ठोकावी. तिथून ४० मीटरच्या दोन दोऱ्या पुढे ताणाव्यात आणि त्यांच्या टोकांत २० मीटर अंतर ठेवावे. भाला पडायचे अधिकृत क्षेत्र तयार झाले. शेताचा बांध धरणाऱ्या माणसाला हे काम तासाभराचे आहे.

जन्मतः काटक, पण पुढे काय?

क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनाला पाहुणे येतात आणि एक वाक्य हमखास बोलतात, "आदिवासी मुले जन्मतःच काटक असतात." टाळ्या पडतात. आमच्या मते या वाक्याने फायद्यापेक्षा नुकसान अधिक केले आहे. मूल जन्मतःच तयार आहे म्हटले, की त्याला शिकवण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. गोफण फिरवणारा, चिंचा-आंबे दगडाने पाडणारा हात हे चांगले बियाणे आहे, हे खरे. पण बियाणे कोठीत ठेवून पीक येत नाही.

ज्यांनी नाव काढले त्यांचा हिशेब पाहा. नीरज चोप्रा पानिपत जिल्ह्यातल्या खांद्रा गावच्या शेतकरी कुटुंबातला. वजन कमी व्हावे म्हणून घरच्यांनी त्याला मैदानावर पाठवले. तिथे भाला फेकणारी मोठी मुले होती, त्यांनी त्याला भाला हातात धरायला शिकवले. पुढे तो पंचकुल्याच्या केंद्रात गेला. २०१६ साली त्याने ८६.४८ मीटरचा कनिष्ठ गटाचा विश्वविक्रम केला आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर फेकून ऑलिंपिकचे सुवर्ण आणले. मैदानावरच्या पहिल्या दिवसापासून टोकियोपर्यंत सुमारे दहा वर्षे गेली. ९० मीटरची रेषा त्याने मे २०२५ मध्ये दोह्यात ओलांडली, म्हणजे आणखी चार वर्षांनी.

मेरठ जिल्ह्यातल्या बहादूरपूरची अन्नू राणी उसाच्या कांडक्या भाल्यासारख्या फेकत शिकली. तिने २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटर फेकून सुवर्णपदक मिळवले. भालाफेक हा पोरांचा खेळ, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. केनियाचा ज्युलियस येगो तर व्हिडिओ पाहून पाहून शिकला आणि २०१५ साली ९२.७२ मीटर फेकून जगज्जेता झाला. आपल्या राज्यात अहिल्यानगर जिल्ह्यातला शिवम लोहकरे ऑगस्ट २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या स्पर्धेत ८० मीटरच्या पुढे भाला फेकून पहिला आला. आणि आपल्याच नाशिक विभागातली, सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवून गेली. तिचा खेळ वेगळा, पण ती पाड्यावरचीच पोर होती आणि नाशिकला तिला वर्षानुवर्षे शिकवणारा प्रशिक्षक मिळाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. त्यामागे कित्येक महिन्यांचे शिक्षण आणि शासनाचा खर्च होता. शासनाने मनावर घेतले तर आश्रमशाळेतले मूल कुठवर जाते, हे तेव्हा दिसले. तेवढेच मनावर घेणे भालाफेकीसाठी का नको?

जोर दंडात नसतो

भाला दंडाच्या जोरावर लांब जातो, ही मोठी गैरसमजूत आहे. आसूड मारणाऱ्याला यातले मर्म सांगावे लागत नाही. मूठ झटक्याने थांबते तेव्हा वादीचे टोक कडाडते. भाल्यातही तसेच. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय जमिनीत मेखेसारखा रोवला गेला पाहिजे. धावेचा वेग तिथे अडतो, मग कंबर, छाती, खांदा, कोपर आणि शेवटी पंजा असा जोर वर चढतो. डावा गुडघा वाकला की जोर मातीत जिरला. हा एक पाय नीट पडायला शिकवण्यातच महिने जातात. आठ दिवसांच्या तयारीत मुलगा फक्त दंड वापरतो आणि दंड, खांदा, कोपर दुखवून बसतो.

कोपराचे दुखणे हलके समजू नये. खुद्द नीरजला २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत कोपरावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि तो वर्षभर स्पर्धांना मुकला. त्याला डॉक्टर होते, मालिश करणारे होते. आपल्या पोराचे कोपर गेले तर उद्या विळा कसा धरायचा, हा प्रश्न आहे. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाने पूर्ण ताकदीने भाला आठवड्यातून दोनच दिवस फेकावा, आणि तोही एका वेळी पंचवीस-तीसपेक्षा अधिक नको. बाकीचे दिवस चेंडू, धावणे, उड्या, दोरीवर चढणे.

भाल्याचे वजनही वयाप्रमाणे असते. पुरुषांचा ८०० ग्रॅम, महिलांचा ६०० ग्रॅम. १८ वर्षांखालील मुलांना ७०० आणि मुलींना ५०० ग्रॅम. शाळेत एकच मोठा भाला आहे म्हणून तोच सातवीच्या मुलीच्या हातात देणे म्हणजे वासराला नांगराला जुंपणे. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांनी चेंडू आणि हलका बांबू फेकावा. बांबूला आपल्याकडे तोटा नाही.

वर्षाची आखणी

आता मुख्य मुद्दा. शालेय स्पर्धा बहुधा ऑगस्टपासून सुरू होतात. जून-जुलैत आपल्याकडे धो धो पाऊस, मैदानात चिखल आणि घरोघरी भातलावणी. म्हणजे स्पर्धेच्या तोंडावरचे दोन महिने मैदान हाताशी नसते. यातून एकच अर्थ निघतो. या ऑगस्टच्या स्पर्धेची तयारी मागच्या दिवाळीनंतर सुरू झाली पाहिजे. आमच्या मते वर्ष असे वाटावे :

दिवाळी ते संक्रांत हा काळ अंगमेहनतीचा. जमीन सुकलेली, हवा थंड. पळणे, टेकडी चढणे, बेडूकउड्या, दोरीवर चढणे, बारवर लोंबकळून अंग वर ओढणे. जुन्या फुटबॉलमध्ये चिंध्या आणि वाळू भरून किलो-दीड किलोचा चेंडू करावा आणि तो दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकावा. या दिवसांत भाल्याला थोडाच हात लावावा. ही नांगरट आहे. ती खोल झाली तर पुढचे सगळे सोपे जाते.

संक्रांत ते होळी हा शिकण्याचा काळ. आधी उभ्याने फेक, मग तीन पावलांवरून, मग पाच पावलांवरून. अंतर मोजूच नये. टोक आधी जमिनीला लागते का, कोपर खांद्याच्या वर राहते का, डावा पाय ताठ पडतो का, एवढेच पाहावे. आज प्रत्येक गावात कोणाच्या तरी खिशात चांगला मोबाईल आहे. बाजूने चित्रण करून मुलाला त्याचीच फेक दाखवावी. तासभर ओरडून जे कळत नाही ते एका नजरेत कळते.

होळीनंतर परीक्षा. आठवड्यातून तीन दिवस हलका व्यायाम पुरे. खेळापायी वर्ष बुडाले, असे आईबापांना म्हणायची पाळी येऊ नये.

मे महिना हा सगळ्यांत अवघड. आश्रमशाळा बंद, मुले आपापल्या पाड्यावर, पारा चाळिशीच्या वर. इथेच सहा महिन्यांची मेहनत वाया जाते. या महिन्यात उजाडल्याबरोबर तासभर, आठवड्यातून तीन दिवस, तेही घरच्या अंगणात करता येईल एवढेच काम द्यावे. शाळा सुटताना गुरुजींनी ते कागदावर लिहून मुलाच्या हाती द्यावे आणि पाड्यावरच्या एखाद्या मोठ्या पोराला त्यावर लक्ष ठेवायला सांगावे.

जून-जुलैत वर्गाच्या ओट्यावर, शेडमध्ये अंगाचा ताण, चेंडू, पावलांचा सराव. निसरड्या मातीवर पूर्ण धाव घेऊन फेकू नये. रोवलेला पाय घसरला की गुडघा गेला. धावपट्टीवर मुरूम टाकून चोपली असेल तर उघडीप पडताच काम सुरू करता येते.

ऑगस्टपासून स्पर्धा. आता मेहनत कमी करायची. फेकी थोड्या, पण पूर्ण. स्पर्धेआधी दोन दिवस विश्रांती. हंगाम संपला की दोन-तीन आठवडे भाला बंद. जमीन पड टाकतात तशी शरीरालाही मोकळीक लागते.

जीव आधी, मीटर नंतर

भाला हे मुळात शस्त्र आहे, हे विसरू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यात शाळेच्या मैदानावर सरावाच्या वेळी भाला लागून एक विद्यार्थी दगावला. आईबापांनी शाळेत पाठवलेले लेकरू घरी परत आले नाही. अशी वेळ कोणत्याच गावावर येऊ नये म्हणून चार नियम भिंतीवर रंगवून ठेवावेत. शिट्टी वाजल्याशिवाय कोणी फेकणार नाही. फेकणाऱ्याच्या पुढे कोणी उभे राहणार नाही. सगळ्यांच्या फेकी झाल्यावर, दुसरी शिट्टी झाल्यावरच, चालत जाऊन भाले आणायचे. भाला नेहमी उभा, टोक खाली धरून न्यायचा. मैदानातून पायवाट जात असेल, गुरे जात असतील, तर दोरी बांधावी आणि एक माणूस लाल झेंडा घेऊन उभा करावा. मोठा माणूस हजर नसेल तर त्या दिवशी भाला कोठीतच राहू द्यावा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या जिल्ह्यात हा आजार पुष्कळ आहे. सरावाला घेण्याआधी प्रत्येक मुलाची तपासणी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मैदानात उतरवू नये. जो नुसता वाहक आहे तो खेळू शकतो, पण त्यालाही उन्हात दम निघेपर्यंत पळवू नये, वरचेवर पाणी द्यावे, अंग दुखते म्हणाला तर लगेच सावलीत बसवावे. "नाटके करतोस" म्हणून त्याला आणखी चार फेऱ्या मारायला लावणे जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट ताटाची. महागड्या डब्यातल्या पावडरी नकोत. भाकर, भात, घट्ट वरण, शेंगदाणे, अंडी, मिळाले तर मासे, हे पुरते. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या तालुक्याची डाळ एवढी नावाजली, त्या तालुक्यातल्या मुलाच्या ताटात वरणाचे पाणी असू नये.

कोणी काय करावे

नवापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा गावांच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि त्याचा वापर ग्रामसभा ठरवते. त्यातून शिक्षणाची, आरोग्याची, पायाभूत सोयींची कामे होतात. मैदान सपाट करणे, धावपट्टीवर मुरूम टाकणे हे त्यात बसवता येते का, हे ग्रामसेवकांनी, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांनी, नियम पाहून ग्रामसभेला स्पष्ट सांगावे. "वरून आदेश नाही" हे उत्तर पुरेसे नाही. शाळेपुरते भाले काही हजारांत येतात. लाखाच्या घरातले परदेशी भाले आपल्याला आज नकोतच.

नंदुरबारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांच्या स्पर्धा भरवण्यावर थांबू नये. दोन-तीन शाळा मिळून एक शिकवणारा माणूस वर्षभरासाठी द्यावा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी दिवाळीनंतर शिक्षकांसाठी चार दिवसांचे शिबिर चिंचपाड्यासारख्या ठिकाणी घ्यावे. शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसला तरी गणिताचे किंवा भूगोलाचे गुरुजी हे शिकू शकतात. त्यांची बदली झाली की सगळे बंद पडू नये म्हणून गावातल्या एखाद्या तरुणालाही त्यांच्याबरोबर शिबिराला बसवावे. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरे गावोगाव आहेत. पोलीस भरतीत गोळाफेक असते, भालाफेक नसते, हे खरे. पण अंग तयार करण्याची मेहनत दोन्हीकडे सारखीच.

आईबापांना एक विनंती. ऊसतोडीला जाणे कोणी हौसेने जात नाही, हे आम्ही जाणतो. पण मैदानात उतरलेले मूल निदान शाळेच्या वसतिगृहात ठेवून जा. दिवाळी ते होळी हे चार महिने त्याच्या मेहनतीचे आहेत. नेमके तेच चार महिने ते उसाच्या फडात गेले, तर शाळाही गेली आणि खेळही गेला.

आणि एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. वीस मुले सरावाला आली तर त्यातला एखादाच राज्यापर्यंत जाईल. ऑलिंपिकची स्वप्ने दाखवून कोणी पोरांना फसवू नये. उरलेल्यांच्या हाती निरोगी अंग, शाळेतली हजेरी आणि वेळेवर उठण्याची सवय राहील. हेही उत्पन्नच आहे, आणि सातबारावर ते दिसत नसले तरी घराला कळते.

येत्या ग्रामसभेत चिंचपाडा आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी एवढा ठराव घ्यावा : जागा कोणती, शिट्टी कोणाच्या हाती, मुलांची तपासणी कोणत्या तारखेला आणि दिवाळीनंतर सराव कोणत्या वारी सुरू. या चार ओळी इतिवृत्तात लिहिल्या गेल्या तर काम सुरू झाले असे समजावे. बाकी भाषणे २६ जानेवारीला होतीलच.